दामिनीचा रविवार

धंतोलीत बारा मिनिटं म्हणजे काहीच नाही. मी तिथल्या एका दवाखान्यात काउंटरवर बसतो, पेशंटले नंबर देतो. यवतमाळ, गोंदिया, कुठून कुठून माणसं पहाटेच निघून येतात, नऊले नंबर घेतात अन् दोनले डॉक्टरचं तोंड पाहतात. कोणी तापलं तं मी म्हणतो, "काका, बसा ना, होऊनच राहिलं." अठरा वर्षं झाली, हेच म्हणून राहिलो. तेव्हा घड्याळाचं अन् माझं कधी जमलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी म्हणू नये का सुशील हटवारनं लपवलं.

माझ्या बायकोचं मात्र जमते. तिचं नाव दामिनी, वय छत्तीस, शाळेत विज्ञान शिकवते. मागच्या वर्षी शाळेतल्या एनसीसीच्या मॅडम रिटायर झाल्या अन् हेडमास्तरनं स्टाफरूममध्ये विचारलं, आता पोरींची परेड कोण घेणार? सगळ्यांनी माना खाली घातल्या. दामिनीनं घातली नाही, तेवढंच. पण परेड घ्यायची तं आधी स्वतः शिकावी लागते. अडीच महिन्यांचं ट्रेनिंग, अन् ते सगळं मिलिटरीच्या हिशोबानं. पास झाली तं खांद्यावर तारा, नाही तं परत खडू-फळा. देशभरातून अशा मास्तरणी येतात, केरळच्या, पंजाबच्या, मणिपूरच्या. अन् ट्रेनिंगची जागा कुठं, तं कामठीले. मानेवाड्याच्या आमच्या घरून एक तास बी लागत नाही.

"जवळच आहे," मी म्हटलं. "दर रविवारी भेटून राहू."

बाकीच्या बायांचं घर हजार-दीड हजार किलोमीटरवर होतं. त्या बिचाऱ्या, असं मले वाटे. आता वाटते का बिचारी आमचीच होती.

पहिल्या रविवारी आम्ही अख्खं कुटुंब घेऊन फाटकावर हजर. मी, आई, बापूजी अन् आमचा पियुष, चौथीतला. आउटपास दहा ते सहा, म्हणजे दहाले बाहेर पडायचं अन् सहाच्या ठोक्याले आत. दामिनी बाहेर आली तं आई बोलता बोलता थांबली. केस मानेपर्यंत कापलेले, चेहरा उन्हानं रापलेला, पाठ ताठ. आई म्हणे, "काय करून घेतलं वं बाई हे?" अन् लगेच पुरणपोळीचा डबा उघडला. वरून तुपाची वाटी.

आम्ही कामठीतल्याच एका बागेत बसलो. पियुषनं विज्ञानाचा प्रोजेक्ट काढला, त्याले हृदय करायचं होतं थर्माकोलचं. आईनं बीपीच्या गोळ्यांची पट्टी काढली, कोणती सकाळची अन् कोणती रात्रीची ते ती विसरली होती. बापूजींले मोबाइलमध्ये सातबारा पाहायचा होता. अन् मी डिक्कीतून पेपरचं बंडल काढलं, सातवी अ आणि ब, कारण हेडमास्तर म्हणे, "मॅडम जवळच आहेत तं तपासून देतील." दामिनीच्या तळहातावर फोड आले होते. लाल पेन तिनं दोन बोटांत धरला अन् तपासत बसली.

"बाकीच्या काय करतात वं रविवारी?" मी विचारलं.

"कपडे धुतात, डोक्याले तेल लावतात, झोपतात. टाइमटेबलमध्येच लिहिलं आहे. रविवार, आराम."

मी हसलो. "आराम बी टाइमटेबलवर?"

"हाव. अन् रोज संध्याकाळी खेळ. तो बी परेडच असते. खेळाले नाही आलं तं शिक्षा होते." ती पेपरवरून मान न उचलता सांगून राहिली होती. "मेजर मॅडम म्हणतात, जो नीट खेळत नाही अन् नीट झोपत नाही, तो पोरींले काय शिकवणार. इथं खेळाची परेड, आरामाची बी परेड."

आरामाची परेड म्हटल्यावर मले आणखीनच हसू आलं. पियुष बी हसला. दामिनीनं पान उलटवलं.

त्याच दिवशी तिनं सांगतलं का तिले त्यांच्या कंपनीच्या, म्हणजे गटाच्या, खो-खोच्या टीममध्ये घेतलं आहे. दामिनी रामटेकजवळच्या खेड्यातली. धान निघालं का बांधीतच, रिकाम्या वावरात, खांब रोवून पोरी खो-खो खेळायच्या. पुढं ती युनिव्हर्सिटीपर्यंत खेळली, असं लग्न जुळवताना तिच्या वडिलांनी सांगतलं होतं. तेव्हा मी हाव हाव केलं, अन् चौदा वर्षांत तो विषय परत काढला नाही. तिले पळताना म्हणाल तं मी फक्त दुधाची गाडी सुटून राहिली तेव्हा पाहिलं होतं.

असे पाच रविवार गेले. दर रविवारी डबा, प्रोजेक्ट, गोळ्या, बंडल.

सहाव्या रविवारी माझ्या मामाच्या पोरीचा, गुंजनचा, साखरपुडा होता, रामटेकले. शुक्रवारी संध्याकाळी दामिनीचा फोन आला. त्यांले रोज वीस मिनिटंच फोन भेटत असे. ती म्हणाली, "या रविवारी मी नाही येत. सोमवारी लंबी दौड आहे, ती पास करावीच लागते. माझे पाय सुजले आहेत. दिवसभर झोपते."

"मामा काय म्हणतील?" मी म्हटलं. "सगळे विचारून राहिले, दामिनी मिलिटरीत गेली म्हणते, घेऊन या तिले. तास-दोन तासांचा तं प्रश्न आहे."

खरं सांगू? मामाचं नाव उगीच घेतलं मी. मलेच तिले मिरवायचं होतं. आमच्या सगळ्या नातेवाइकांत माझं नाव म्हणजे दवाखान्यात नंबर लावून देणारा, एवढंच. बायको मिलिटरीचं ट्रेनिंग करून राहिली, हे मले चारचौघांत दाखवायचं होतं.

ती बरं म्हणाली. मंग म्हणाली, "चारले निघू. नक्की?"

"नक्की," मी म्हटलं.

साखरपुड्यात झालं असं का वाढायले माणसं कमी पडली. दामिनीनं साडीचा पदर खोचला अन् वडाभाताची परात उचलली. दोन पंगती वाढल्या तिनं, त्या सुजल्या पायांनी. मधून मधून कोणीतरी मामी नाही तं आत्या तिले थांबवे, "सॅल्यूट मारून दाखव वं जरा." ती मारून दाखवे, परात खाली ठेवून. मी लांबून पाहून राहिलो होतो अन् छाती फुगली होती माझी.

चारले ती माझ्यापाशी आली. "चला."

"फोटो राहिला ना आपला."

सव्वाचारले फोटोवाला जेवून राहिला होता. साडेचारले फोटो झाला, तं मामा म्हणे, आता पूर्ण कुटुंबाचा एक. पावणेपाचले गाडी निघाली. मनसरपर्यंत मोकळं होतं. कन्हानच्या पुलावर ट्रकची रांग लागलेली, एक बंद पडला होता मधोमध, मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. दामिनी घड्याळ पाहे अन् बाहेर पाहे.

"बारा-पंधरा मिनिटांनं काय फरक पडते?" मी म्हटलं. "धंतोलीत तं..."

"ही धंतोली नाही," ती म्हणाली. एवढंच बोलली ती पूर्ण रस्ताभर.

कामठीत शिरल्यावर परत गर्दी. फाटक एक किलोमीटर असेल, तिनं दार उघडलं, चपला काढून बूट घातले, साडी वर खोचली अन् उतरून पळाली. हातगाड्या, ऑटो, गायी, सगळ्यांच्या मधून. पियुष खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळून पाहून राहिला होता. मी पुन्हा हसलो. काय करता, मले सवयच होती तशी.

ती आत पोचली तेव्हा सहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

मंगळवारी फोन आला. दौडीचं विचारलं तं म्हणाली, पास झाली, पण शेवटून तिसरी. मंग म्हणाली, "पुढच्या रविवारी येऊ नका. आउटपास बंद आहे."

"तुझा?"

"आमच्या सेक्शनचा. दहा जणींचा."

"उशीर तं तू केला. बाकीच्यांले काहून?"

"इथं एक उशिरा आली म्हणजे दहा उशिरा आल्या. नियमच आहे. पहिल्याच दिवशी सांगतला होता."

मले राग आला. मी म्हटलं, हा काय नियम झाला, मी येऊन बोलतो त्यांच्याशी. ती ऐकून घेत राहिली. मंग हळूच म्हणाली, "अनिमाचा नवरा येऊन राहिला रविवारी."

अनिमा टोप्पो म्हणजे तिच्या बाजूच्या पलंगावरची, झारखंडातल्या गुमल्याकडची मास्तरीण. तिचा नवरा अन् चार वर्षांची पोरगी शुक्रवारी घरून निघणार होते. बस, मंग रेल्वे, मंग दुसरी रेल्वे. पूर्ण अडीच महिन्यांत तेवढा एकच रविवार त्यांले जमणार होता. तिकिटं महिन्याआधी काढलेली. पोरीले पाहून अनिमाले सेहेचाळीस दिवस झाले होते.

"अनिमा काय म्हणाली तुले?" मी विचारलं.

"काहीच नाही. काल रात्री माझ्या पायाले तेल चोळून दिलं तिनं."

फोनची वीस मिनिटं संपली. आई विचारून राहिली होती, काय झालं गा? मी तिले फक्त म्हटलं, रविवारी जायचं नाही. शिव्या दिल्या असत्या अनिमानं तं बरं झालं असतं.

आमच्यासारख्या माणसाले संकटात एकच गोष्ट सुचते, अन् ती म्हणजे अर्ज. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी काउंटरवर पेशंटच्या मधल्या वेळात मी अर्ज लिहिला. प्रति, माननीय कंपनी कमांडर मॅडम. विषय, बारा मिनिटांच्या विलंबाबाबत. सदर विलंबास माझी पत्नी जबाबदार नसून अर्जदार स्वतः जबाबदार आहे, तरी श्रीमती टोप्पो यांचा आउटपास बंद करू नये ही नम्र विनंती. सोबत जोडले, कन्हानच्या पुलावरील ट्रकचा फोटो, दोन प्रती. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी टाकली अन् निघालो.

फाटकावर बराच वेळ बसवलं. मंग एका जवानानं आत नेलं. मेजर मॅडम ग्राउंडच्या कडेले खुर्ची टाकून बसल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक, गळ्यात शिट्टी. अर्ज मराठीत होता, त्यांनी सावकाश वाचला, फोटो बी पाहिला. मंग मले विचारलं, "ट्रक की वजह से देर हुई?"

मी हाव म्हणणारच होतो. तोंड उघडलं बी होतं. पण त्या बाईनं असं सरळ पाहिलं का खरंच निघालं.

"नहीं मॅडम. फॅमिली फोटो की वजह से."

त्यांनी अर्जाची घडी घातली अन् मले परत दिला. त्या म्हणाल्या का दिलेली शिक्षा अर्जानं परत होत नसते, तुमच्या बायकोनं बी सोमवारी हेच विचारलं होतं, तिले बी हेच सांगतलं. "उसने कहा, मेरे चार संडे बंद कर दीजिए, टोप्पो का एक छोड़ दीजिए." मले हे ठाऊकच नव्हतं. फोनवर तिनं सांगतलंच नव्हतं. मंग मॅडमनं ग्राउंडकडं बोट दाखवलं. आज खो-खोची फायनल आहे, म्हणाल्या. इथला जुना रिवाज आहे, जी कंपनी जिंकते तिच्या सगळ्या सेक्शनले दुसऱ्या दिवशी आउटपास, मागची शिक्षा माफ. फक्त जिनं स्वतः चूक केली तिले नाही. "आ ही गए हैं, तो बैठिए."

मी बाकावर बसलो. हातात अर्ज तसाच.

खेळ अर्धा होऊन गेला होता. दामिनीच्या कंपनीनं आपले डाव मारून घेतले होते, आता शेवटचा डाव समोरच्यांचा. त्यांच्या आठ जणी पाटीवर बसलेल्या, नववी पाठलाग करून राहिलेली, अन् आपल्या तीन-तीन पोरी आत पळायले जाऊन राहिल्या होत्या. पोरी कशाच्या, बत्तीस-पस्तिशीच्या बाया. कोणी दोन लेकरांची आई, कोणाचे केस पिकलेले. पण पळणं पाहिलं तं मी पाय पोटाशी घेऊन बसलो. अनिमा बी खेळून राहिली होती. दामिनीनं एकदा फोटोत दाखवली होती, म्हणून ओळखली. बुटकी, काळीसावळी, अन् चेहऱ्यावर काहीच नाही.

दामिनीची तुकडी आत गेली तेव्हा आपण तीन गुणांनी पुढं होतो. तीन मिनिटं बाकी. पहिली पंजाबची बाई होती, ती अर्ध्या मिनिटात खांबाजवळ बाद झाली. दुसरी अनिमा. ती बम्म पळाली, पण पाय घसरला अन् समोरच्या पोरीनं तिच्या पाठीले हात लावला. अनिमा बाहेर आली अन् रेषेबाहेर उकिडवी बसली. तिनं दोन्ही तळवे जमिनीवर ठेवले.

आता आपण एका गुणानं पुढं. माझ्या बाजूच्या जवानानं सांगतलं, एक मिनिट पन्नास सेकंद. अन् हे बी सांगतलं का या मॅडमच्या मागं जी तुकडी आहे, त्या तिघी खो-खो इथं येऊनच शिकल्या आहेत. म्हणजे दामिनी बाद झाली का बरोबरी, अन् त्या तिघी आत गेल्या का संपलं.

मैदानात समोरच्यांच्या नऊ अन् आपली एक.

मी चौदा वर्षं त्या बाईसोबत राहून राहिलो. तिचं जेवण मले माहीत आहे, तिचा राग, तिची सर्दी. हे जे मी पाहिलं ते मले माहीतच नव्हतं. पाठलाग करणारीले पाटीच्या एकाच बाजूनं, एकाच दिशेनं पळता येते. पळणारीले मात्र बसलेल्यांच्या मधून निघता येते. दामिनी दोघींच्या मधून निघे, लगेच परत पुढच्या दोघींच्या मधून, इकडून तिकडं, तिकडून इकडं. घाई नव्हती. मागची जवळ आली का खांदा एका बाजूले पाडे अन् जाई दुसऱ्या बाजूले. खो देऊन नवी उठे, ताजी, दमलेली नाही, अन् दामिनी तीच. नऊ जणींचा दम एका बाईनं पुरवायचा. तिचे सुजलेले पाय मले ठाऊक होते. त्या पायांनी ती पळून राहिली होती अन् चेहरा अगदी शांत. पेपर तपासताना राहते तसा.

"एक मिनट," जवान म्हणाला.

मले भीती वाटून राहिली होती अन् अभिमान बी, दोन्ही एकदमच, अन् कोणतं कोणतं ते कळत नव्हतं. मी देवाले नवस बोललो नाही, हे बरीक खरं. बोलायची हिंमतच झाली नाही. ज्या बाईले मी थांबवून थांबवून चारचे पावणेपाच केले, ती आता एक-एक सेकंद हातानं ओढून आणून राहिली होती, दुसरीच्या लेकरासाठी. अन् मी बाकावर बसून घड्याळ पाहून राहिलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी सेकंदाचा काटा पाहिला. लय सावकाश चालते तो.

समोरच्या कंपनीत एक लांब हातांची हरियाणाची पोरगी होती, पंचविशीची. तिले खो मिळाला तेव्हा वीस सेकंद बाकी असतील. तिनं दामिनीले रेटत रेटत खांबाकडं नेलं. खांबाजवळ पाठलाग करणारीले सूर मारून अचानक वळता येते, म्हणून पळणारी तिथं अडकते. अनिमा उभी राहिली. त्या पोरीनं एका हातानं खांब धरला अन् अख्खं अंग आडवं फेकलं. हात अगदी दामिनीच्या पोटापाशी आला. दामिनीनं पोट आत ओढलं, पाठीची कमान केली, अन् टाचा तिथंच. बोटं आणि बनियन यांच्यात किती जागा असेल, सांगता येत नाही. ती पोरगी मातीत आपटली. दामिनी तिच्यावरून उडी मारून गेली.

मंग शिट्टी वाजली.

कोणी ओरडलं, कोणी कोणाले उचललं, मले नीट दिसलं नाही, डोळे भरून आले होते. अनिमा मैदानात गेली. दामिनी कमरेवर हात ठेवून वाकून श्वास घेऊन राहिली होती. अनिमानं तिच्या पायाजवळ बसून तिच्या बुटाची सुटलेली लेस बांधून दिली. बस, एवढंच झालं त्या दोघींत.

पाच मिनिटांनं दामिनीले मी दिसलो. ती घाबरून आली. "काहून आले? पियुषले ताप आला काय? आईले काही झालं?"

"नाही वं. सगळे बरे आहेत. अर्ज घेऊन आलो होतो."

"कशाचा अर्ज?"

मी दिला. तिनं उभ्या उभ्याच वाचला. घामाचे थेंब पडून राहिले होते कागदावर. 'अर्जदार स्वतः जबाबदार आहे' या ओळीपाशी ती जरा थांबली. मंग ट्रकचा फोटो पाहिला अन् हसली, पोट धरून. पळून पळून दमलेल्या फासळ्या हसताना दुखल्या, तरी हसली. "उद्या एक काम करा," ती म्हणाली. "अनिमाच्या घरच्यांची गाडी साडेसहाले येते. स्टेशनवर जा."

"जातो."

"अन् सहाच्या आत."

"हाव."

रविवारी मी सहालेच स्टेशनवर होतो. गाडी सव्वाआठले आली, तरी मी कोणाले काही म्हटलं नाही. अनिमाचा नवरा मितभाषी माणूस, खांद्यावर पोरगी झोपलेली. घरी आईनं त्यांले पोहे केले, आंघोळीले पाणी दिलं, दहाले आम्ही फाटकावर. अनिमा बाहेर आली तं पोरगी बापाच्या मागं लपली. केस कापलेली ही बाई कोण, तिले समजेना. अनिमानं हात पुढं केला नाही. ती तिथंच डांबरावर बसली अन् त्यांच्या भाषेत काहीतरी गुणगुणली. पोरगी एक पाय पुढं, एक पाय मागं करत राहिली, अन् मंग एकदम तिच्या मांडीवर जाऊन पडली. मी गाडीचं बोनेट पुसायले घेतलं. पुसण्यासारखं काहीच नव्हतं.

मी त्यांले विचारलं, रामटेकले नेऊ का, तलाव दाखवू का. अनिमा म्हणाली, कहीं नहीं. म्हणून आम्ही आपले त्याच बागेत गेलो. तिच्या नवऱ्यानं झाडाखाली चादर पसरली, पोरीची वेणी घातली, अनिमाले संत्रं सोलून दिलं. त्यानं तिले काहीच विचारलं नाही, काहीच काढून दाखवलं नाही. थोड्या वेळानं तिघंही झोपले, पोरगी मधात. मी लांबच्या बाकावर बसून राहिलो. पाच रविवार याच बागेत आम्ही काय काय केलं ते मले आठवून राहिलं होतं. घरचं कॅलेंडर बी आठवलं. त्याच्यावर रविवारच्या लाल चौकोनात चौदा वर्षांपासून दामिनीच्याच अक्षरात काही ना काही लिहिलेलं राहते. पेपर, दळण, मामांकडे, पडदे धुणे. मले तिथं तिचं नाव कुठं आठवेना.

पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी मी अनिमाले फाटकावर सोडलं. बारा मिनिटं आधी. मुद्दामच.

दामिनीले आतल्या बाजूनं फाटकापर्यंत यायची परवानगी भेटली होती. ती आली तं मले तिचा चेहरा वेगळाच वाटला. डोळे सुजलेले, गालावर उशीच्या शिवणीची रेघ. मी घाबरलो. "रडली काय वं?"

"नाही. झोपली."

"किती वेळ?"

"चार तास." ती स्वतःच नवल करून राहिली होती. "मंग उठली, चहा प्यायली, अन् परत झोपली. कोणी उठवलंच नाही. दिवसा चार तास मी लग्नानंतर कधी झोपलीच नव्हती."

तक्रार नव्हती ती. तक्रार असती तं मी उत्तर दिलं असतं, मले येतात तशी उत्तरं. ती फक्त सांगून राहिली होती, पियुष पहिल्यांदा विमान पाहून आला होता तेव्हा सांगे तसं. मी तिच्या गालावरची रेघ पाहत राहिलो. आदल्या दिवशी नऊ जणींपुढं तिले एकटीले पाहिलं होतं, तेवढंच मोठं मले हे वाटून राहिलं होतं.

"पेपर आणले काय?" तिनं विचारलं. "हेडमास्तर देणार होते आठवीचे."

बंडल डिक्कीतच होतं. शुक्रवारीच दिलं होतं त्यांनी, एकशे वीस पेपर.

"दिलेच नाहीत," मी म्हटलं.

परतीच्या रस्त्यावर प्रत्येक गतिरोधकावर ते बंडल डिक्कीत धपकन आपटे. अनिमाचा नवरा मागं वळून पाहे, मी म्हणे, "कुछ नहीं." बापलेकीले स्टेशनवर रेल्वेत बसवून दिलं, मंग घरी आलो.

सोमवारी दवाखान्याच्या आधी शाळेत गेलो अन् बंडल हेडमास्तरच्या टेबलावर ठेवलं. ते म्हणे, "झाले तपासून?"

"नाही सर. अन् इथून पुढं बी नाही होणार. मॅडमले रविवारी वेळ नाही."

"काहून? रविवारी तं सुटी राहते ना त्यांले."

"परेड राहते," मी म्हटलं.

"रविवारी? कशाची?"

"आरामाची."

हेडमास्तर हसले. पहिल्या रविवारी मी हसलो होतो, अगदी तसेच.